तळहातावरची मालगाडी

यंदाचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला त्या सकाळी आम्ही कूलरच्या ताट्या बदलल्या. जुना, खार धरलेला भुसा अंगणात झडला, नव्या वाळ्यावर पंपाचं पहिलं पाणी पडलं आणि तो ओला, मातकट वास एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. दुपार व्हायच्या आतच रस्त्यावर संचारबंदी लागल्यासारखी सामसूम झाली. समोरच्या बहाव्याची पिवळी झुंबरं तेवढी उन्हाला न जुमानता लोंबत होती. मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायला ठेवल्या आणि तेवढ्यात बंगळुरूहून धाकट्या भावाचा, प्रशिकचा फोन आला.

हातात धरून खेळायची गेमिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत प्रशिक काम करतो. यंत्र मुठीत कसं बसतं, बटणं किती दाबल्यावर थकतात, तापलं तर बोटांना चटका लागतो का, हे तपासणं त्याचं काम. तो सांगत होता की यंदा त्यांचं नवं यंत्र अडकून पडलंय, कारण मेमरीच्या चिपाच मिळत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर संगणकांची मोठमोठी गोदामं उभी राहतायत, त्यांनी सगळा माल उचलला. "जगात मेमरीचा दुष्काळ पडलाय, ताई," तो म्हणाला. मी ते आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मंग आपल्या घरून घेऊन जा म्हणा त्याले. इथं लय पडून आहे."

तिनं हे थट्टेत म्हटलं की नाही, मला कळलं नाही.  दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या नवतप्यात या घरात जे झालं, त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून पुरता उतरलेला नाही. तेव्हापासून वाळ्याचा वास आला की आधी छाती गार होते आणि लगेच तो धक्का पुन्हा बसतो.

बाबा रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. पुढे कागदावर त्यांना लोको पायलट म्हणू लागले, पण नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरांमध्ये ते निवृत्तीपर्यंत ड्रायव्हरच राहिले. काटोल, नरखेड, पांढुर्णा, आमला हा त्यांचा नेहमीचा रस्ता. लहानपणी आमच्यासाठी बाबा म्हणजे दाराशी ठेवलेली लोखंडी पेटी, ग्रीस आणि घामाचा एकत्र वास, आणि भर दुपारी आईनं ओठांवर ठेवलेलं बोट, कारण बाबा झोपलेले असत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपरापर्यंत. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. बशी वाजायला लागली तसा त्यांनी बशीतून चहा पिणं सोडलं, मग लोकांसमोर चहा पिणं सोडलं आणि हळूहळू लोकांसमोर येणंच सोडलं. हात टॉवेलखाली झाकून ते दिवाणावर बसून राहायचे. "यार्डात लावलेल्या गाडीवानी बसून राहते हा माणूस," आई म्हणायची.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी माहेरी. त्या वर्षी प्रशिकही आला होता आणि त्यानं पिशवीतून ते यंत्र काढलं.

आम्हा भावंडांच्या लहानपणी खेळायचं यंत्र म्हणजे ठोकळ्यांचा गेम. करड्या काचेवर काळे ठोकळे पडायचे. सेल संपत आले की ते फिके व्हायचे, मग आम्ही सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचो. शेजारच्या क्वार्टरात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आला तेव्हा आळीतली सगळी मुलं त्यांच्या दारात बसलेली असायची, आणि कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायचा मान आळीपाळीनं मिळायचा. त्या खेळातली माणसं म्हणजे रंगीत चौकोन. चौकोन खड्ड्यात पडला तर आम्ही हसायचो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

प्रशिकनं काढलेलं यंत्र लहानशा ताटलीएवढं होतं. मधे काच, दोन्ही बाजूंना धरायला मुठी. काच उजळली आणि मी खरोखर मागे सरकले. त्यातला काळा रंग विहिरीत डोकावल्यासारखा काळा होता आणि उन्हाचा पिवळा डोळे बारीक करायला लावणारा. प्रशिक म्हणाला, या ताकदीचा संगणक काही वर्षांपूर्वी टेबलाखेरीज कुठे मावत नसे, आता ते सगळं नखाएवढ्या चिपेत बसतं. पूर्वीच्या यंत्रांच्या, अंगठ्यानं हलवायच्या काड्या घासून घासून बिघडायच्या, कुणी हात लावला नाही तरी खेळातला माणूस आपोआप चालायला लागायचा. आता काडीखाली चुंबक असतं, घासायला काही उरलंच नाही. मुठींच्या आत बारक्या मोटारी असतात, त्या खडी, वाळू, लोखंड यांची वेगवेगळी थरथर हाताला देतात.

त्यात आगगाडी चालवायचा एक खेळ होता. आणि कुठल्या तरी हौशी मंडळींनी उपग्रहाची छायाचित्रं आणि मोबाईलवर काढलेले फोटो जुळवून त्या खेळात नागपूर ते आमला हा मार्ग बनवला होता.

बाबांनी आधी नकार दिला. टॉवेलखालचा हात त्यांनी काढलाच नाही. मग प्रशिक त्यांच्या पायाशी बसला आणि त्यानं समजावलं की काडी मधोमध असते तेव्हा तिच्या भोवती एक छोटी जागा असते, तिच्यात काडी कितीही हलली तरी यंत्र ते हलणं धरत नाही. तिला डेड झोन म्हणतात. ती जागा पाहिजे तेवढी वाढवता येते. त्यानं बाबांचा हात हळूच काडीवर ठेवला, थरथर केवढी आहे ते पाहिलं आणि तेवढी जागा वाढवून टाकली. "आता तुमचं थरथरणं याले दिसतच नाही, बाबा," तो म्हणाला.

यंत्र त्यानं एका वायरीनं टीव्हीला जोडलं, म्हणजे आम्हालाही दिसावं. टीव्हीवर इंजिनाची काच आली, समोर रूळ आले, रुळांवर तापलेली हवा लहरत होती. बाबांनी काडी पुढे सारली. गाडी हलली. त्यांचा हात थरथरत होता आणि गाडी अगदी संथ, हिसके न देता चालली होती. मी एकदा हाताकडे पाहत होते, एकदा गाडीकडे. दोन्ही एकाच माणसाचं आहे यावर विश्वास बसत नव्हता. कळमेश्वर स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल दिसला आणि बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "होम सिग्नल हिरवा." इंजिनात दोघं असतात, एकानं सिग्नल मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तो तसाच पुन्हा म्हणायचा, अशी पद्धत. प्रशिकला ती लहानपणापासून माहीत होती. "होम सिग्नल हिरवा," तो म्हणाला. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. त्या घरात बाबांचा एवढा मोठा आवाज आम्ही कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

नवतप्याचे पुढचे दिवस तसेच गेले. जेवण झालं की दारं-खिडक्या बंद, कूलरचा घरघराट, अंधाऱ्या खोलीत टीव्हीचं ऊन, आणि बाबा नरखेडकडे निघालेले. अमुक गावाचं पाण्याचं टाकं इकडे नाही तिकडे पाहिजे होतं, असं ते म्हणायचे. पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं दिसलं, म्हणजे सीटी मारा, पुढे फाटक आहे, की त्यांचं बोट आपसूक हॉर्नवर जायचं. चहा ते पुन्हा सगळ्यांसमोर घेऊ लागले. मला वाटलं, एवढं मिळालं तेच पुष्कळ.

मग एका दुपारी प्रशिकनं परतीची फेरी लावली. नरखेडहून नागपूरकडे, गव्हानं भरलेली मालगाडी. त्या बाजूनं उतार आहे. बाबा थोडे गप्प झाले हे मी पाहिलं होतं, पण जेवणानंतरची सुस्ती असेल असं वाटलं. काटोल मागं पडलं. संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. खऱ्या बागांना या दिवसांत पाणी तोडून ताण देतात, पावसाबरोबर बहार यावा म्हणून. त्या हौशी मंडळींनी तेही केलं होतं, झाडांची पानं मलूल दाखवली होती. एक वळण आलं, वळणावर कडुनिंब, आणि वळण संपताच समोर रुळांकडे येणाऱ्या पायवाटेवर एक बाई. डोक्यावर मोळी. ती आपल्या चालीनं चालत रुळांवर आली.

बाबांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. दुसऱ्या बोटानं ब्रेक. टीव्हीतून तो हॉर्न बंद खोलीत असा घुमला की आईच्या हातातलं भांडं पडलं. गाडी करकरत होती, पण धावतच होती. "थांबून नाही राहिली," बाबा म्हणाले. "थांबून नाही राहिली गा. थांबून नाही राहिली." आणि ते उभे राहिले. आधाराशिवाय ज्यांना दिवाणावरून उठता येत नव्हतं ते बाबा दोन्ही हातांत यंत्र धरून खोलीच्या मधोमध उभे होते. बाई काचेच्या खाली गेली. मी डोळे मिटून घेतले.

गाडी खूप पुढे जाऊन थांबली. प्रशिकनं घाबरून त्यांच्या हातातून यंत्र घेतलं आणि खेळ बंद करायला म्हणून कुठलं तरी बटण दाबलं. खेळ बंद झाला नाही. दृश्य इंजिनाबाहेर गेलं, आता उभी गाडी बाजूनं दिसत होती, रूळ दिसत होते आणि रुळांच्या पलीकडे ती बाई. मोळी तशीच डोक्यावर, चाल तशीच. गाडीतून आरपार निघून ती बागेच्या कडेनं चालली होती.

बाबा टीव्हीजवळ गेले. काचेला नाक लागेल एवढे जवळ. "चालत गेली," ते म्हणाले. "पाह्य वं, चालत गेली ते."

मग ते खाली जमिनीवरच बसले आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं. सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मी शाळेत जायला लागले होते आणि प्रशिक रांगत होता तेव्हाची गोष्ट. असाच नवतपा, अशीच गव्हाची गाडी, तेच वळण. त्या पायवाटेनं सरपणवाल्या बाया नेहमीच रूळ ओलांडत, या बाईच्याही डोक्यावर सरपण होतं. उन्हाच्या झळांपासून वाचायला तिनं पदर कानांवरून घट्ट बांधला होता, म्हणून हॉर्न तिला ऐकूच गेला नाही. गाडी थांबल्यावर बाबा उतरून मागे चालत गेले होते. तिथं त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त एवढं सांगितलं की लाकडं सगळीकडे पांगली होती आणि ती गोळा करून एका बाजूला रचावीशी त्यांना वाटली, आणि त्यांनी ती रचली. बाईचं नाव त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

 माझ्या लहानपणातल्या कितीतरी गोष्टी मला एकदम दुसऱ्या बाजूनं दिसायला लागल्या. उन्हात जाताना मी कानाला ओढणी बांधली की बाबा ती सोडायला लावायचे आणि त्याऐवजी टोपी द्यायचे. मला वाटायचं, त्यांना गावंढळपणा वाटतो. आळीत कुणी चुलीसाठी लाकडं फोडायला लागलं की ते उठून घरात जायचे. दरवर्षी मे अखेर ते रजा टाकायचे आणि आम्ही कुठं फिरायला जाऊ म्हणून आशेनं पाहायचो, तर ते फक्त घरात बसून राहायचे. बाप म्हणजे आपल्याला पाठ असलेला माणूस, असं मी समजत होते.

पण त्या दुपारचा दुसरा धक्का आईनं दिला. तिनं पडलेलं भांडं उचललं आणि पदरानं पुसत म्हणाली की तिला माहीत होतं. त्या दिवशी बाबा घरी आले ते सरळ अंगणातल्या नळाखाली, अंगावरच्या कपड्यांसकट बसले. तिनं विचारलं तर ऊन लागलं म्हणाले. काही दिवसांनी गार्डच्या बायकोनं तिला सगळं सांगितलं. पुढं रेल्वेची चौकशी झाली, ड्रायव्हरचा दोष नाही असं लेखी आलं, तेही तिला त्याच बाईकडून कळलं.

"मंग तू बोलली काहून नाही?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही नाही बोलले म्हणून," आई म्हणाली. "तुम्ही सांगान तवा ऐकीन म्हटलं."

दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आमचं. एका भिंतीला लागून दोघांच्या खाटा. इतकी वर्षं एकच गोष्ट दोघं तिथं वेगवेगळी झाकून निजत होते. आणि मधे आम्ही दोघं भावंडं ठोकळ्यांच्या गेमसाठी भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी स्वतः यंत्र मागितलं. नरखेडहून निघायची गाडी लाव म्हणाले. प्रशिकनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आणि आईनं मान हलवली. ते त्या वळणापर्यंत आले, बाई रुळांवर आली, गाडी तिच्यातून गेली आणि बाबांनी लगेच बाहेरचं दृश्य लावायला सांगितलं. ती चालत चालली होती. ते पाहून बाबा हसले. पुढच्या दुपारीही तेच. तिसऱ्या दुपारी त्यांनी ब्रेकही लावला नाही, फक्त पलीकडे निघालेली बाई पाहिली. ते हसू मला बघवत नव्हतं, आणि ते थांबवावं असंही वाटत नव्हतं. खेळ बनवणाऱ्यांच्या हातून राहून गेलेली एक उणीव. तिच्यावर माझे बाबा जगत होते.

प्रशिकनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ती चुकून राहिलेली उणीव नाही, ते मुद्दाम आहे. गाडीचं वजन, उतार, प्रत्येक डब्याचा ब्रेक आणि वर माणसांची शरीरं, एवढं सगळं एकाच वेळी मोजणं जुन्या यंत्रांना झेपायचं नाही. म्हणून माणसं पोकळ ठेवत. दिसायला माणूस, आत काही नाही. "हे नवं यंत्र सगळं पेलू शकते," तो म्हणाला. "खेळच जुना आहे अजून."

आणि मग खेळ नवा झाला. कुणाला न विचारता, घरातल्या वायफायवरून यंत्रानं नवी आवृत्ती आपली आपण उतरवून घेतली. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दुपारी बाबा नेहमीसारखे निघाले. मी आंब्याचा रस काढत होते. रूळ जरा जास्त खरे दिसतायत एवढंच मला जाणवलं. वळण आलं, कडुनिंब आला, बाई आली. बाबांचं बोट ब्रेकवर नव्हतंच. ती काचेजवळ आली आणि दोन्ही मुठींतल्या मोटारींनी बाबांच्या तळहातांना एकच बारीक धक्का दिला. टीव्ही काळा झाला. त्या विहिरीसारख्या काळ्यावर इंग्रजीत, पांढऱ्या अक्षरांत, प्रवास संपल्याचं लिहून आलं.

 कूलरचं पाणी टपटपत होतं. बाबांनी यंत्र मांडीवर ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. मला प्रशिकचा, त्याच्या कंपनीचा, त्या नखाएवढ्या चिपेचा, कुणाचा कुणाचा संताप आला. पोकळ बाईत कुणी वजन भरायला सांगितलं होतं?  प्रशिक म्हणत होता की जुनी आवृत्ती परत आणता येते, आत्ता आणतो, थोडा वेळ द्या.

बाबांनी त्याला थांबवलं. "नोको," ते म्हणाले. "हे बरोबर आहे. हेच असं होते." मग थोड्या वेळानं, "वजन पुरं धरते का आता हे? भरल्या गाडीचं?"

प्रशिकनं हो म्हटलं. उतारही धरतं, ब्रेक लागायला डब्याडब्याला जो वेळ लागतो तोही धरतं.

बाबांनी पुन्हा गाडी लावायला सांगितली. आई नको म्हणाली, ते ऐकेनात. या वेळी बाई दिसल्याबरोबर त्यांनी ब्रेक लावला. टीव्ही काळा झाला. पुन्हा. पुन्हा काळा. दर वेळी तो बारीक धक्का त्यांच्या तळहाताला बसत होता आणि दर वेळी त्यांचे खांदे आक्रसत होते. मग त्यांनी इतकी वर्षं आत ठेवलेलं बोलून टाकलं. चौकशीच्या कागदावर काहीही असो, त्यांचा हात उशिरा गेला होता. ऊन होतं, डोळ्यांवर झापड होती, क्षणभर त्यांना ती बाई म्हणजे झाडाची सावली वाटली. त्यांच्या जागी कुणी चलाख माणूस असता तर ती घरी गेली असती. "तवाही हात असाच होता माह्या," ते म्हणाले. "फक्त थरथर दिसत नव्हती."

आणि त्यांनी यंत्र प्रशिकपुढे धरलं. "तू चालव. तुह्या हाताले तर कंपनी पगार देते ना? चालव. पण वळणाच्या आधी ब्रेक नाही लावायचा. मले जिथून दिसली, तिथूनच."

प्रशिक बसला. यंत्रावरची त्याची बोटं मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्याच्याइतकी झटपट बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. त्याला तर ती बाई येणार हे आधीच माहीत होतं. कडुनिंब मागं पडला त्याच क्षणी त्यानं हॉर्न आणि ब्रेक एकदम दाबले. एक निमिषही गेलं नाही मधे. गाडी करकरली, वेग उतरायला लागला, उतरत राहिला, आणि टीव्ही काळा झाला.

त्यानं पुन्हा चालवली. बाबा काही म्हणाले नव्हते, तरी पुन्हा. ब्रेक लावायच्या दुसऱ्या तऱ्हा त्यानं करून पाहिल्या. ओठ दातांत धरून, घामानं डबडबून तो चालवत होता. माझा भाऊ गेम खेळतोय असं त्यात काहीच उरलं नव्हतं, तो एका बाईला वाचवायला धडपडत होता. दर वेळी काळं. शेवटी त्यानं यंत्र सतरंजीवर ठेवलं, आणि मी पाहिलं तर त्याची दोन्ही मनगटं बाबांसारखी थरथरत होती.

बाबांनी त्याचे हात आपल्या हातांत घेतले. एकमेकांत धरलेले ते चारही हात थरथरत होते, कुणाची थरथर कुठली ते सांगता येत नव्हतं. "तुलेही नाही जमलं ना गा?" बाबांनी विचारलं. दम भरण्यासारखं किंवा टोमण्यासारखं त्यात काही नव्हतं. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं त्यांनी.

"नाही जमलं, बाबा," प्रशिक म्हणाला. "कोणालेच नसतं जमलं."

चौकशीच्या कागदावर ज्यांचा कधी विश्वास बसला नव्हता, त्यांचा मुलाच्या हातांवर बसला. बाबा भिंतीला टेकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी टॉवेल शोधला नाही. आई त्यांच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली.  इतक्या वर्षांनी त्या दोघांना एका गोष्टीशेजारी एकत्र बसलेलं मी पाहत होते.

हे सगळं एका खेळण्यानं केलं, हे मला अजून झेपत नाही. मी मुलांना शिकवते की यंत्राला भावना नसतात. ते खरंच आहे. त्या चिपेनं बाबांवर दया केली नाही, तिनं नुसतं वजन मोजलं. गाडीचं वजन, उताराचं, गव्हाचं, एका बाईचं. पोकळ बाई दाखवून जे यंत्र त्यांना हसवत होतं, त्याच यंत्रानं ती भरीव केली तेव्हा मला संताप आला होता, आणि सुटका नेमकी त्या भरीवपणातून निघाली. आता प्रशिक फोनवर सांगतो की पुढची यंत्रं याहून खरी असतील, ऊन तळहाताला जाणवेल, झाडांचा वास येईल. मी हं म्हणते. मला भीतीही वाटते. कुणाच्या घरात काय झाकलेलं असतं, ते खऱ्याखुऱ्या उन्हात उघडं पडल्यावर तिथं त्याच्याजवळ कुणी बसलेलं असेल का, हे त्या यंत्रांना कसं कळणार?

त्या नवतप्याच्या शेवटच्या दुपारी बाबांनी एकदाच आणखी यंत्र हातात घेतलं. नरखेडहून निघाले. सिग्नल सांगत होते, प्रशिक ते पुन्हा म्हणत होता. काटोल गेलं, मलूल बागा आल्या. वळणाच्या बरंच अलीकडे शेवटचा सिग्नल होता आणि तो हिरवा होता. बाबांनी "हिरवा" म्हटलं, प्रशिकनं "हिरवा" म्हटलं, आणि बाबांनी ब्रेक लावला. नोकरीत असताना असं केलं असतं तर जबाब द्यावा लागला असता. हिरव्या सिग्नलला, मोकळ्या रुळावर, भरलेली मालगाडी कारण नसताना थांबवत नाहीत. ती पुष्कळ वेळ करकरत राहिली, कडुनिंब मागं पडला आणि पायवाटेच्या अलीकडे ती उभी राहिली. मग मोळी घेऊन बाई आली, रूळ ओलांडले आणि बागेच्या कडेनं चालू लागली. आम्ही चौघंही तिच्याकडे पाहत होतो. झाडांमध्ये ती पार दिसेनाशी होईपर्यंत बाबांनी ब्रेक सोडला नाही.